सभेने नाव काढलं, म्हणून ती सापडली

नातीच्या वंशवृक्षात आमची बाजू भरणं सोपं गेलं. कुलवृत्तांत उघडला आणि मूळ पुरुषापासून खाली उतरत आले. सुनेची बाजू मात्र तिच्या पणजोबांपाशीच अडली. ‘आई, आमचे लोक पूर्वी क्वेकर होते, इथल्याच चेस्टर काउंटीतले,’ एवढंच तिला ठाऊक. इतकी वर्षं पेनसिल्व्हेनियात राहून क्वेकर म्हटलं की मला ओट्सचा डबाच आठवायचा (त्या कंपनीचा या ख्रिस्ती पंथाशी काही संबंध नाही). निवृत्तीनंतर वेळ हाताशी होता, लागले शोधायला.

इथले लोक आधी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहतात. क्वेकरांकडे तो रस्ताच बंद. पाद्री नाही, बाप्तिस्मा नाही, आणि जुन्या दफनभूमीत बऱ्याच थडग्यांवर नावाचा दगडसुद्धा नाही. मेल्यावर तरी मोठेपणा कशाला मिरवायचा, असा त्यांचा हिशेब. पण लिहून ठेवण्यात मंडळी पक्की. उपासनेला दर आठवड्याला जमत, कारभार मात्र मासिक सभेत चाले, आणि जन्म, मृत्यू, लग्नं, तक्रारी सगळं तिच्या दप्तरात जाई. त्यामुळे गावाचं नाव कळून भागत नाही, मासिक सभा कुठली ते हुडकावं लागतं. वस्ती वाढली की एका सभेतून दुसरी निघायची आणि घर जागचं न हलता कुटुंबाचं दप्तर बदलायचं.

कोणी दुसरीकडे राहायला निघालं की शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा सभेचा दाखला मिळे: वागणूक बरी, देणी चुकती केलेली, लग्नाच्या बाबतीत कुठे गुंतलेला नाही. एका सभेत दाखला दिल्याची नोंद, दुसरीत तो पोचल्याची. ही दोन टोकं जुळली की कुटुंब कुठून कुठे गेलं ते कळतं.

या नोंदींचे सहा जाडजूड खंड आहेत, १९३६ पासून निघालेले. ते काढणारा विल्यम वेड हिन्शॉ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातला गायक होता! त्यातली संक्षिप्त रूपं आधी पाठ करावी लागतात: ‘जी-सी-टी’ म्हणजे अमुक सभेकडे जायला दाखला दिला, ‘आर-ओ-सी-एफ’ म्हणजे तमुक सभेचा दाखला घेऊन आले, ‘डी-आय-एस’ म्हणजे सभासदत्व काढलं. पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया आणि फॉल्स या सभा त्यात आहेत, आमच्या चेस्टर काउंटीतल्या नाहीत. म्हणजे मूळ इतिवृत्तांकडे जाणं आलंच.

ती बहुतांशी स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड या दोन कॉलेजांच्या ग्रंथालयांत आहेत. दोन ठिकाणी का, तर १८२७ मध्ये पंथात फूट पडली, हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स. एकाच गावात त्याच नावाच्या दोन सभा, दोघींची दप्तरं वेगळी, आणि सख्खे भाऊ दोन तटांत. १८२७ नंतर माणूस अचानक गायब झाला तर तो मेला असं धरू नये, आधी दुसरं दप्तर पाहावं.

तारखांनी सर्वांत जास्त छळलं. बऱ्याच महिन्यांची नावं रोमन दैवतांवरून आलेली, म्हणून क्वेकर नुसते आकडे लिहीत. त्यात १७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदले आणि पहिला महिना म्हणजे मार्च. सुनेचा एक पूर्वज सभेच्या नोंदीत १७४३ च्या बाराव्या महिन्यात वारलेला, आणि काउंटीच्या कागदात त्याचं मृत्युपत्र मार्च १७४३ च्या सुरुवातीला दाखल! म्हणजे मृत्युपत्र आधी, माणूस मागाहून. उलगडा असा: बारावा महिना म्हणजे फेब्रुवारी, आणि तो मार्च २५ तारखेच्या आतला, म्हणून अजून १७४३ चाच. आजच्या हिशेबाने दोन्ही गोष्टी १७४४ मधल्या, महिनाभराच्या अंतराने. तेव्हापासून मी तारीख आधी जशीच्या तशी उतरवते आणि शेजारी आजची लिहिते.

खरी मजा इतिवृत्तांत आहे. नाकासमोर चालणाऱ्यांच्या वाट्याला जन्म, लग्न, मृत्यू अशा तीन ओळी. वाकडं पाऊल पडलं की पानंच्या पानं. डॅनियल बून या अमेरिकेतल्या प्रसिद्ध शिकारी-वाटाड्याचे वडील स्क्वायर बून यांचं १७२० चं लग्न ग्विनेड सभेतलं. पुढे एक्सेटर सभेने १७४८ मध्ये त्यांचं नाव सभासदांतून काढलं, कारण मुलाने पंथाबाहेर लग्न केलं. नाव काढलं तरी उपासनेला येऊन बसायला मनाई नसे, फक्त कारभारात बोलता येत नसे.

सुनेची बऱ्याच पिढ्यांमागची एक आजी अशीच सापडली. बायकांची सभा वेगळी भरे, तिचं इतिवृत्तही वेगळं. (आमच्या कुलवृत्तांतात लेकी ‘अमक्यास दिली’ एवढ्यावर संपतात.) हिने परपंथातल्या माणसाशी पाद्र्यासमोर लग्न केलं. दोन बायकांना तिच्याशी बोलायला नेमलं. पुढच्या महिन्यात काम तसंच राहिलं. त्याच्या पुढच्या महिन्यात भेट झाली, पण बाईंना पस्तावा नाही. मग ठराव, त्याची प्रत तिच्या हाती. या खटल्यात नवऱ्याचं नाव आलं, माहेर आलं, आणि मला पुढचा रस्ता मिळाला. वर्षांनंतर तिने माफीचा कागद दिला आणि लगेच ओहायोला जायचा दाखला मागितला. मला तर वाटतं, माफी त्या दाखल्यासाठीच होती. तिच्या सरळमार्गी बहिणीबद्दल तीन तारखांपलीकडे काही हाती लागलं नाही.

या दोघींच्या वडिलांचं प्रकरण मात्र घरात कोणी सांगितलेलं नव्हतं. गुलाम बाळगणाऱ्याचं सभासदत्व काढायचं, असं मासिक सभांच्या वर असलेल्या फिलाडेल्फिया वार्षिक सभेने १७७६ मध्ये ठरवलं. त्या सुमारास समिती यांच्याकडे पुनःपुन्हा जाते आहे, हे टाळताहेत, आणि शेवटी एका बाईच्या मुक्ततेचा कागद होतो: तिचं पहिलं नाव, वय, यांची सही, दोन साक्षीदार. ‘आमचे लोक कायम गुलामगिरीच्या विरोधात होते’ असं सून अभिमानाने सांगायची. कागद वाचून म्हणाली, ‘हेही लिहायचं, आई.’

त्या बाईचं पुढे काय झालं ते सभेच्या दप्तरात नाही, कारण ती सभासद नव्हतीच. म्हणून आता काउंटीच्या कराच्या याद्या काढल्यात. त्यांत मुक्त कृष्णवर्णीयांची वेगळी नोंद कुठेकुठे सापडते, आणि तिच्या नावाशी जुळणाऱ्या दोघीजणी मी बाजूला काढून ठेवल्यात.