पाऊस पडला त्या वर्षीचं झेंडावंदन

अमेरिकेतल्या चार जुलैच्या, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या, पावसावर दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ च्या सुमारास एक शोधनिबंध लिहिला होता. मला तो भलत्याच वेळी सापडला, ऑडिटच्या फाइली पुढ्यात उघड्या असताना. त्यांची युक्ती साधी होती. चार जुलैला पाऊस आला की परेड, आतषबाजी, मैदानातले कार्यक्रम सगळं बोंबलतं. आणि पाऊस कुठल्या गावावर पडणार हे कुठलाच पक्ष ठरवत नाही. मग लहानपणी ज्यांच्या वाट्याला कोरडे चार जुलै आले आणि ज्यांच्या वाट्याला ओले आले, ते मोठेपणी कुणाला मत देतात हे ताडून बघायचं. कोरड्यांचा कल रिपब्लिकन पक्षाकडे जास्त निघाला, मतदानाला जाण्याकडेही निघाला. डेमोक्रॅट पक्षाच्या पदरात मात्र काही पडलं नाही.

मी फाइल मिटली. कारण असली एक जोडी आमच्याच घरात आहे. मी आणि दादा.

एकच घर, एकच शाळा, मध्ये दोन इयत्तांचं अंतर. तरी दादा सरकारी पत्र आलं की म्हणतो, "वरून आलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच आलं असेल." आणि मी म्हणते, "सही कुणाची आहे ते आधी बघू." आई होती तोवर ती म्हणायची, दोघांना एकाच दुधावर वाढवलं, मग हे कुठून आलं? दुधातून नाही आलं. मला आता वाटतं, ते शाळेच्या मैदानातून आलं.

राष्ट्रीय दिनाला दादा पुष्पगुच्छ द्यायला असायचा. उंची, आवाज, भांग, सगळं त्याचं बरं. मी तिसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवी. आदल्या रात्री बुटांना ओला खडू घासून ते खिडकीत वाळत ठेवायचे आणि सकाळी सातला मैदानावर हजर. पाहुणे साडेआठला यायचे, कधी पावणेनऊला. तोवर सावधान, विश्राम. गाडीचा आवाज आला की पी.टी.चे सर शिट्टी फुंकायचे, आम्ही ताठ व्हायचो, आणि गाडी दुसऱ्याच कुणाची तरी निघायची. एकदा दुधाची निघाली. एका वर्षी माझ्या पुढची मुलगी चक्कर येऊन पडली. दोघींनी तिला उचलून झाडाखाली नेलं आणि सर म्हणाले, "सरका, सरका, जागा भरून काढा." पाहुण्यांना रांगेत भोक दिसायला नको होतं. मग पाहुणे आले आणि तुम्ही उद्याचे नागरिक आहात असं म्हणाले. नागरिक म्हणजे ज्याला उभं करून ठेवतात तो, हे माझ्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते पुढे नागरिकशास्त्राचं पुस्तक हातात आल्यावरही उठलं नाही.

दादाने तोच कार्यक्रम मांडवातून पाहिला. पाहुण्यांनी वाकून त्याला नाव विचारलं, डोक्यावर हात ठेवला. त्याच्या लेखी सरकार म्हणजे तो हात. अजूनही.

त्या दिवशीची भाषणं आम्हा दोघांनाही आठवत नाहीत. कोण बसलं होतं, कोण उभं होतं, कोण उशिरा आलं तरी चालत होतं, हे मात्र लख्ख आठवतं. सण शिकवतात ते बहुधा असंच, जागा दाखवून.

नाताळचा म्हातारा घ्या. जगातल्या सगळ्या पोरांची यादी त्याच्याकडे, कोण शहाणं कोण वाह्यात याची नोंद त्याच्याकडे, आणि वाटपही त्याच्याच हातून. पैसा कुठून आला हे कुणी विचारत नाही. माझ्या धंद्यात असल्या गृहस्थाची दप्तरं सगळ्यात आधी मागवतात. रात्री जागून पुडकी बांधणारे आईबाप आभाराच्या यादीतच नसतात. ज्यांच्या खिशातून गेलं ते अदृश्य, आणि जो कधी दिसलाच नाही त्याला धन्यवादाची चिठ्ठी. पुढे मोठेपणी आपण "सरकारने पूल दिला" असं म्हणतो तेव्हा ते वाक्य आपल्या तोंडात किती सहज बसतं! (दादा इथे म्हणणार, "तू पोरांचा सणसुद्धा तपासायला घेतेस." घेते.)

राज्यकर्त्यांना या म्हाताऱ्याची किंमत फार आधी कळली होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, जानेवारी १८६३ मध्ये, थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने 'हार्पर्स वीकली'त त्याला उत्तरेच्या सैन्याच्या छावणीत उतरवलं. अंगात तारे आणि पट्टे असलेला झगा, भोवती भेटी घेणारे शिपाई. म्हातारा एका बाजूने लढाईत सामील झाला होता, आणि भेटीच्या पुडक्यांतून.

त्याहून पक्कं काम सोव्हिएत संघाने केलं. तिथे नाताळचं झाड आधी धार्मिक थोतांड म्हणून हद्दपार झालेलं. मग २८ डिसेंबर १९३५ ला पोस्तिशेव नावाच्या बड्या पुढाऱ्याचं पत्र 'प्रावदा'त छापून आलं, मुलांसाठी नवीन वर्षाचं झाड उभारा म्हणून. झाड परत आलं. नाताळचं नाही, नवीन वर्षाचं, आणि शेंड्यावर लाल तारा. त्याच सुमारास मुलांच्या समारंभांतून एक घोषवाक्य टांगलं जाऊ लागलं: आमच्या सुखी बालपणाबद्दल कॉम्रेड स्टालिन यांचे आभार. झाड मुलांना परत मिळवून देणाऱ्या पोस्तिशेवला १९३९ मध्ये गोळी घातली. झाडाला काही झालं नाही, ते दरवर्षी उभं राहत गेलं.

अर्थात वरून ठरवलेला धडा खाली तसाच पोहोचतो असं नाही. १६०५ साली लंडनमध्ये पार्लमेंटखाली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं ठेवून राजासकट सभागृह उडवायचा कट फसला. लगेच कायदा झाला: दर ५ नोव्हेंबरला चर्चमध्ये जाऊन राजा वाचल्याबद्दल देवाचे आभार मानायचे. सक्तीने. हा कायदा १८५९ पर्यंत पुस्तकात होता. लोकांनी आभार विसरून होळी तेवढी ठेवली, आणि इंग्लंडमधल्या काही गावांत तिच्यात हयात पुढाऱ्यांचे पुतळेही जाळायला लागले. शेवटी ज्याला जाळायचं त्या कटातल्या गाय फॉक्सच्याच चेहऱ्याचा मुखवटा घालून या शतकात पोरं सरकारविरोधी मोर्चांत उतरली. (आपल्याकडचं १८९३ चं गणेशोत्सवाचं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे, म्हणून ते सोडते.)

दादा आणि मी सगळ्यात जास्त भांडलो ते अमेरिकेचा तेव्हाचा अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट याच्यावरून. १९३९ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार होते. तिथला आभारदिन (थँक्सगिव्हिंग) रिवाजाप्रमाणे शेवटच्या गुरुवारी, म्हणजे तीस तारखेला यायचा. व्यापाऱ्यांची तक्रार अशी की मग नाताळच्या खरेदीला दिवस उरत नाहीत. रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे, तेवीस तारखेला घेतला. जवळजवळ निम्म्या राज्यांनी ऐकलं, जवळजवळ निम्म्यांनी धुडकावलं. दोन्ही दिवस पाळणारीही काही निघाली. फुटबॉलच्या सामन्यांची वेळापत्रकं कोलमडली. अटलांटिक सिटीच्या महापौराने तर नव्या दिवसाला फ्रँकलिनच्या नावावरून 'फ्रँक्सगिव्हिंग' असं नाव ठेवलं. कुणाच्या घरी कुठल्या गुरुवारी जेवण आहे यावरून त्या घराचं राजकारण शेजाऱ्याला कळायला लागलं, मतपेटी उघडायची गरजच नाही. अखेर १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला तेव्हा हा घोळ निस्तरला.

दादाचं म्हणणं, मंदीतून देश वर येत होता, बाजार चालवायला केलं, त्यात काय वाईट? मी म्हटलं, "अरे, पण माझ्या घरचं पान कधी मांडायचं हे मला विचारलं का?" तो म्हणाला, "तुला विचारलं असतं तर तू सही कुणाची म्हणाली असतीस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण त्या शोधनिबंधात पावसाचे दिवस म्हणजे कोरी पानं आहेत. कार्यक्रम झाला नाही, सबब संस्कारही झाला नाही. तिथे मात्र माझा हिशेब जुळत नाही.

मी सातवीत असतानाच्या वर्षी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. पाहुणे आले नाहीत. मुख्याध्यापिका वाटेत अडकल्या. दादा तापाने घरी. आम्ही जेमतेम चाळीस पोरं व्हरांड्यात अंग चोरून उभी, बुटांवरचा खडू उतरून पायाखाली पांढरं पाणी झालेलं. सर म्हणाले, वर्गात जाऊन बसा. कुणीतरी विचारलं, "सर, मग झेंडा?" सरांनी घड्याळ पाहिलं, मैदान पाहिलं, आणि शिपाईमामांना म्हणाले, "तुम्हीच ओढा."

झेंडा दरवर्षी घडी घालून बांधायचे ते मामाच. दोरी ओढायला मात्र दरवर्षी दुसरं कुणीतरी. मामांनी चपला काढल्या, हात पँटला पुसले. त्या पावसात हात पुसून काय होणार होतं? एकदा मागे वळून पाहिलं, खरंच ना म्हणून. मग ओढली. अर्ध्यावर अडकली. भिजून दोरी फुगली होती, कप्पीतून सरकेना. पोरं हसली, मामाही हसले, आणि मी सगळ्यात पुढे होते म्हणून मला म्हणाले, "ये गं, हे धर घट्ट."

मी धरली. खरखरीत, गार. तिच्यावरून पाण्याची धार थेट माझ्या बाहीत शिरून कोपरापर्यंत गेली. मामांनी दोन हिसके दिले आणि झेंडा वर गेला, ओला, फडकायचा नाही, काठीला चिकटून. राष्ट्रगीत दोन टोकांना दोन वेगळ्या वेळी सुरू झालं आणि मध्ये कुठेतरी एकमेकांना सापडलं. भाषण झालं नाही. मामा म्हणाले, "झालं. पळा आता, भिजू नका."

घरी येऊन मी हे सगळं दादाला सांगितलं, बाही पिळून दाखवली. त्याच्या तोंडात थर्मामीटर होता. तो काढून त्याने विचारलं, "मग पुष्पगुच्छ कुणाला दिला?"