फ्लॉरेन्सला जास्त दिवस: इटलीच्या पहिल्या प्रवासाची आखणी

रविवार

इटलीला मे महिन्याच्या मध्यावर जायचे, हे आज घरात नक्की झाले. दिवाळीच्या सुट्टीचाही विचार आम्ही बराच केला होता. परंतु त्या सुमारास व्हेनिसला भरतीचे पाणी गल्ल्यांतून चढण्याचा हंगाम सुरू होतो, दिवस लहान होत जातो आणि आईचे गुडघे थंडीत अधिक दुखतात. व्हेनिसच्या खाजणाच्या तोंडाशी बसवलेले पूरदरवाजे २०२० च्या ऑक्टोबरमध्ये प्रथम वापरले गेले आणि तेव्हापासून मोठ्या भरतीच्या वेळी ते उचलले जातात, हे खरे आहे. तरीही सगळ्या कुटुंबाच्या पहिल्याच परदेश प्रवासात तेवढी अनिश्चितता नको, असे मला वाटले. मे महिन्यात गर्दी असेल, पण ऊन सोसण्याइतपत असेल आणि संध्याकाळ लांबलचक मिळेल.

निघणारे आम्ही सहाजण आहोत: आई, बाबा, पत्नी, मी, नववीत जाणारी मुलगी आणि तिच्याहून बराच लहान असलेला मुलगा. प्रत्येकाने सुचवलेली शहरे एका कागदावर लिहिली, तेव्हा रोम, नेपल्स, पॉम्पेई, सिएना, पिसा, फ्लॉरेन्स, मिलान आणि व्हेनिस अशी यादी झाली. ती वाचताना मला आनंदापेक्षा काळजी अधिक वाटली. एवढ्या ठिकाणी जायचे म्हणजे रोज सकाळी बॅगा भरायच्या, स्टेशन गाठायचे आणि ज्या वास्तूसाठी हजारो मैल आलो तिच्यासमोर छायाचित्र काढण्यापुरते थांबायचे. शहर पाहणे याचा अर्थ मी निराळा समजतो. तिथल्या दोन-तीन वास्तूंसमोर मन भरेपर्यंत उभे राहता आले पाहिजे, आणि तिथल्या एखाद्या चौकात काहीही न करता बसण्यासाठी एक दुपार मोकळी असली पाहिजे. म्हणून पिसा आणि मिलान ही नावे मी आजच खोडली. मिलानमधील लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’च्या भित्तिचित्रासमोर प्रेक्षकांना जेमतेम पंधरा मिनिटे थांबू देतात, त्या चित्राची नाजूक अवस्था पाहता तो नियम योग्यच आहे, परंतु तेवढ्यासाठी एक दिवस खर्च करावा असे कोणालाच वाटले नाही.

मंगळवार

फ्लॉरेन्सला किती दिवस द्यायचे, यावर आज बोलणे झाले. बहुतेक प्रवासी रोमहून सकाळी निघून संध्याकाळी परततात किंवा फार तर एक रात्र राहतात. आम्ही मात्र सर्वांत जास्त मुक्काम तिथेच करणार आहोत, आणि त्याचे मुख्य कारण बाबा आहेत.

बाबा कोल्हापूरचे. पंचगंगेच्या घाटावरच्या राजघराण्याच्या समाध्यांच्या परिसरात त्यांचे लहानपण गेले. त्या घराण्यातील एका छत्रपतींचे स्मारक इटलीत आहे, हे त्यांनी शाळेत असताना ऐकले होते आणि ते एकदा पाहावे, ही इच्छा त्यांनी इतकी वर्षे जपली. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये त्यांची प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे वीस होते. त्या वेळी फ्लॉरेन्स हीच इटलीची राजधानी होती, आणि रोम इटलीच्या राज्यात सामील होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ज्या देशात दहनाची प्रथाच नव्हती, तिथे हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार करण्यासाठी खास परवानगी मिळवावी लागली. त्यासाठी जागा निवडली गेली ती आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमाची. परक्या मुलखात, कडाक्याच्या थंडीत, महाराजांच्या सोबतच्या लोकांनी संगम शोधला, ही गोष्ट सांगताना बाबांचा आवाज प्रत्येक वेळी जड होतो. आता मुलगीही ती गोष्ट इतरांना सांगू लागली आहे.

त्या जागी १८७४ साली स्मारक उभे राहिले. भारतीय धाटणीच्या छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. तो चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, आणि कोल्हापूरचा नवीन राजवाडाही पुढे त्यांनीच आखला. म्हणजे बाबा ज्या राजवाड्यावरून शाळेला जात, त्याच्या कर्त्याचा हात फ्लॉरेन्सच्या नदीकाठी आधीच लागला होता. शहरातले लोक त्या भागाला ‘इंडियानो’ म्हणजे ‘भारतीय’ असेच म्हणतात, आणि जवळच आर्नो नदीवर १९७८ साली बांधलेल्या पुलालाही तेच नाव मिळाले आहे. महाराजांनी त्या प्रवासात रोजनिशी ठेवली होती. ती त्यांच्या निधनानंतर १८७२ साली छापली गेली.

स्मारक काशिने नावाच्या सार्वजनिक उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे. हे उद्यान नदीकाठाने सुमारे साडेतीन किलोमीटर पसरलेले असून मुख्य स्टेशनाजवळून सुटणारी ट्राम त्याच्या शहराकडच्या बाजूने जाते. बाबांना उद्यानातून चालत जायचे आहे. आईला तेवढे चालणे जमणार नाही, म्हणून ती आणि मुलगा टॅक्सीने पुलाजवळ येतील आणि आम्ही तिथे भेटू. त्या दिवशी दुसरे काहीही ठरवायचे नाही, असे मी कागदावर ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे.

बुधवार

फ्लॉरेन्सशी आपला आणखी एक धागा पत्नीने आज काढून दाखवला. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांची शवपेटी ज्या संगमरवरी आणि रंगीत दगडांच्या चौथऱ्यावर आहे, तो चौथरा फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातील टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने भेट म्हणून पाठवला होता. फ्लॉरेन्सच्या फोज्जीनी या शिल्पकाराने तो घडवला आणि १६९८ साली तो गोव्यात उभारला गेला. गोव्याला गेलो की आम्ही तिथे आवर्जून जातो. पण तो दगड कुठून आला, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला नव्हता. रंगीत दगडांचे तुकडे कापून त्यांची चित्रे जडवण्याची ही कला ज्या कारखान्यात वाढली, तो मेदिची घराण्याने १५८८ साली स्थापन केला होता, आणि त्याचे लहानसे संग्रहालय मायकेलअँजेलोने घडवलेला डेव्हिडचा पुतळा ज्या अकादेमिया कलादालनात आहे तिथून अगदी जवळ आहे. दोन्ही एकाच सकाळी पाहता येतील. डेव्हिडची उंची पाच मीटरांहून अधिक आहे, हे मुलाला भिंतीवर खुणा करून दाखवायचा प्रयत्न केला; आमच्या घराची भिंत अर्थातच अपुरी पडली.

शनिवार

आजचा दिवस रोममध्ये गेला, असे म्हटले तरी चालेल. मुलीला वास्तुरचनेची ओढ आहे, आणि विजापूरचा गोलघुमट पाहिल्यापासून घुमट उभा कसा राहतो, हा प्रश्न तिच्या डोक्यात घर करून बसला आहे. गोलघुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. रोममधील पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटाचा ४३.३ मीटर आहे, आणि तो सम्राट हेड्रियनच्या काळात, म्हणजे गोलघुमटाच्या सुमारे पंधराशे वर्षे आधी पुरा झाला. त्यात लोखंडाच्या सळ्या नाहीत. काँक्रीट वर चढत जाते तसे हलके होत जाते, कारण वरच्या थरांत हलका ज्वालामुखी दगड मिसळलेला आहे, आणि माथ्यावर जिथे भार सर्वांत धोक्याचा ठरला असता तिथे बांधकामच नाही, उघडे वर्तुळ आहे. त्यातून पाऊस सरळ आत पडतो, आणि पाणी वाहून जावे म्हणून फरशीला किंचित उतार देऊन तिच्यात बारीक छिद्रे ठेवली आहेत. मुलीने हे सगळे वहीत काढले.

त्यानंतर फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट पाहायला मिळणार, याचा तिला विशेष आनंद आहे. ब्रुनेलेस्की या वास्तुरचनाकाराने १४२० ते १४३६ या काळात तो बांधला, तेव्हा एवढ्या रुंदीला जमिनीपासून लाकडी आधार देणे व्यवहारात शक्य नव्हते. म्हणून त्याने एकात एक अशी दोन कवचे रचली आणि विटा अशा आडव्या-उभ्या गुंफल्या की प्रत्येक थर चुना वाळेपर्यंत स्वतःलाच धरून राहील. वर जाणारा ४६३ पायऱ्यांचा जिना या दोन कवचांच्या मधूनच जातो. लिफ्ट नाही, आणि चढण्याची वेळ आधी राखून ठेवावी लागते. मी आणि मुलगी चढणार आहोत. बाकीचे खाली चौकात बसतील. दोन्ही घुमट एकाच प्रवासात, एकापाठोपाठ एक पाहायला मिळावेत, यासाठी मी रोम आधी आणि फ्लॉरेन्स नंतर असा क्रम ठरवला.

संध्याकाळी नेपल्सचा निर्णय घ्यावा लागला, आणि तो मला जड गेला. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती सापडली. ती भारतातून गेलेली आहे आणि आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात अशाच घडणीची मूर्ती मिळाल्यामुळे ती आपल्याच सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. रोमहून नेपल्सला जलद गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो, म्हणजे जाऊन येणे अशक्य नाही. परंतु पॉम्पेईचे दगडी रस्ते, सावलीचा अभाव आणि संग्रहालयाचा पसारा हे सर्व एका दिवसात आईला आणि मुलाला झेपणार नाही, आणि दोहोंपैकी एकच पाहून परतणे बाबांना मान्य नाही. नेपल्स या वेळी नाही, असे अखेर ठरले. सिएना वगळताना कोणी काही बोलले नाही. नेपल्स वगळल्यावर मात्र बाबा बराच वेळ नकाशाकडे पाहत होते.

सोमवार

कागदपत्रांचा दिवस. इटलीसह बहुतेक युरोपीय देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र भरावा लागतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ युरो आहे. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. आई-बाबांच्या वयामुळे त्यांचा हप्ता आमच्यापेक्षा बराच जास्त आला, परंतु त्यात काटकसर करायची नाही, यावर आम्ही दोघे ठाम आहोत.

आईची काळजी मात्र जेवणाची आहे, आणि ती मी हलकी मानत नाही. ती पूर्ण शाकाहारी आहे. इटलीत शाकाहार अवघड नाही. तरीही पार्मेजानो चीज वासराच्या जठरातील विरजणाने बनते, आणि ते पास्त्यावर, सूपवर, सॅलडवर न विचारता भुरभुरवले जाते, हे तिला आधीच सांगणे मला आवश्यक वाटले. टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो एवढ्यावरच होणारा मारिनारा पिझ्झा, छोल्यांबरोबर शिजवलेला पास्ता, आणि फ्लॉरेन्सकडचा शिळा पाव, पांढऱ्या घेवड्याचे दाणे आणि पालेभाजी घालून केलेला रिबोलिता हे पदार्थ तिने लिहून घेतले. घरून काय न्यायचे, याचीही यादी झाली. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तूप गळले. भडंग आणि मेतकूट राहिले. पाण्यासाठी मात्र बाटल्या विकत घेत बसावे लागणार नाही. रोमच्या रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे हजारो सार्वजनिक नळ अखंड वाहत असतात, आणि इ. स. पूर्व १९ मध्ये अग्रिप्पा या रोमन सेनानीने शहरात आणलेले पाणी आजही त्रेवीच्या कारंज्याला मिळते.

शुक्रवार

व्हेनिस शेवटी ठेवले आहे. फ्लॉरेन्सहून गाडीने दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि स्टेशनाच्या पायऱ्या उतरताच समोर ग्रँड कॅनाल असतो. हे दृश्य मुलाने प्रथम पाहावे, म्हणून त्याला पुढे चालू द्यायचे ठरले आहे. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, त्यामुळे आईसाठी बोटीच्या थांब्याजवळचे आणि मधे एकही पूल नसलेले हॉटेल मी नकाशावर बोट फिरवत शोधले. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांकडून ठरावीक दिवशी शहर प्रवेशशुल्क घेते. मुक्कामी पाहुण्यांना ते लागत नाही, नोंद मात्र करावी लागते. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, दिवसाची गर्दी ओसरल्यावर सेंट मार्कचा चौक आणि गल्ल्या आई-बाबांना शांतपणे पाहता याव्यात.

आता क्रम पक्का झाला: रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातील शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात आणि फ्लॉरेन्सची उफीत्सी व अकादेमिया ही कलादालने सोमवारी बंद असतात, म्हणून रोमचा मुक्काम आठवड्याच्या मधल्या दिवसांत बसवला आणि काशिनेचा दिवस सोमवारी. कोलोझियमची तिकिटे प्रत्येकाच्या नावाने आणि ठरावीक वेळेची असतात, आणि ती भेटीच्या सुमारे महिनाभर आधी खुली होतात. त्या दिवशी सकाळी मी आणि पत्नी संगणकासमोर बसणार आहोत. सगळ्यांचे पासपोर्ट क्रमांक मुलीने एका कागदावर सुवाच्य अक्षरांत उतरवून ठेवले आहेत.