छातीचा मुका मार आणि अपुरा श्वास

छातीला मार लागला की सगळे आधी विचारतात ते बरगडी मोडली का, हेच. मला मात्र त्याआधी हे पाहणे अधिक महत्त्वाचे वाटते, की जखमी माणसाला पुरेसा खोल श्वास घेता येतो आहे की नाही. मोडलेली बरगडी बहुतेक वेळा शस्त्रक्रियेविना साधारण सहा आठवड्यांत जुळून येते. पण दुखते म्हणून माणूस उथळ श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो, त्यामुळे फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, तिथे कफ साचतो आणि काही दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. पासष्टी ओलांडलेल्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना आणि फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांना हा धोका विशेष असतो.

तपासताना छातीवरचे कपडे दूर करून, चांगल्या उजेडात, दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते पाहावे. श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत आणि ते रुग्णाला न सांगता मोजावेत, कारण कोणी मोजत आहे हे कळले की श्वासाची लय बदलते. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. हा आकडा तिशीकडे सरकू लागला, एक वाक्य बोलतानाही धाप लागू लागली किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर क्षणभरही न थांबता रुग्णवाहिका बोलवावी.

लागून असलेल्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, तर छातीचा तेवढा तुकडा उरलेल्या पिंजऱ्यापासून सुटा होतो आणि श्वास घेताना आत ओढला जातो, सोडताना बाहेर येतो. यालाच फ्लेल चेस्ट म्हणतात. सुरुवातीला स्नायू आखडल्यामुळे ही उलटी हालचाल लपून राहू शकते, आणि तुकड्याखालच्या फुप्फुसाला बसलेला मार पुढच्या एक-दोन दिवसांत अधिक त्रास देऊ लागतो, म्हणून आरंभी बरा दिसणारा रुग्णही रुग्णालयात नजरेखाली असावा.

छातीत हवा कोंडून फुप्फुस दबत गेले तर दम झपाट्याने वाढतो, रक्तदाब घसरतो आणि कधीकधी मानेच्या शिरा फुगतात. अशा वेळी एक्स-रेची वाट न पाहता डॉक्टर सुईने हवा मोकळी करतात आणि मग छातीत नळी घालतात. छातीला आरपार जखम होऊन तिच्यातून हवा आत-बाहेर होत असेल, तर प्रथमोपचार करणाऱ्याने ती हवाबंद झाकू नये, कारण त्याने हीच कोंडी होऊ शकते. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला, मानेला किंवा पाठीच्या कण्याला इजा झाल्याची शंका नसेल तर, ज्या स्थितीत श्वास घेणे सोपे जाते तशी बसती स्थिती द्यावी.

छातीभोवती पट्टा घट्ट आवळण्याची जुनी पद्धत अजून अनेकांच्या डोक्यातून गेलेली नाही, आणि ती सोडून द्यावी असे मी कळकळीने सांगते. पट्ट्याने दुखणे थोडे कमी होते, पण आधीच उथळ झालेला श्वास आणखी आखडतो. खरा उपाय वेदना आवरण्याचा आहे. वेदनाशामक गोळ्या कळ असह्य होईपर्यंत थांबून नव्हे, तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळांना घ्याव्यात. त्या पुरत नसतील तर रुग्णालयात नस बधिर करणारे इंजेक्शन देता येते. दुखणे आटोक्यात आले की खोल श्वासाचे व्यायाम, तीन चेंडूंच्या उपकरणाचा (श्वास आत ओढून ज्यातले चेंडू वर उचलायचे असतात त्या साधनाचा) वापर आणि चालणे-फिरणे सुरू करावे. खोकताना दुखऱ्या बाजूवर उशी दाबून धरली तर कळ बरीच सुसह्य होते आणि कफ सुटतो.

एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर दिसले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण जागेवरून न सरकलेली मोड त्यात अनेकदा दिसत नाही. खालच्या बरगड्यांना मार असेल तर उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा यांनाही इजा झालेली असू शकते. पोटात दुखणे, चक्कर किंवा डाव्या खांद्यात अकारण कळ जाणवली, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. घरी पाठवलेल्या रुग्णाला पुढे ताप आला, पिवळा किंवा रक्तमिश्रित बेडका पडू लागला किंवा दम वाढला, तरी हेच करावे.