मिसींच्या मागावर: मुलँ रूज ते रोझवेन

पॅरिसमध्ये कोलेत या फ्रेंच लेखिकेच्या नावाचा चौक आहे. जिने तिच्यावर प्रेम केलं, पडत्या काळात आधार दिला, त्या मातिल्द द मोर्नी उर्फ मिसींच्या नावाचं मात्र फारसं काही सापडत नाही. म्हणूनच मला ही वाट धरावीशी वाटली.

मिसी (१८६३–१९४४) तिसऱ्या नेपोलियनच्या सावत्र भावाची मुलगी. आई रशियन सरदार घराण्यातली. लग्नाने बेलबफच्या मार्कीज, म्हणजे सरदारपत्नी झाल्या, १९०३ मध्ये घटस्फोट घेतला. आखूड केस, थ्री-पीस सूट, हातात सिगार. स्त्रियांना पँट घालायला पोलिसांचा परवाना लागायचा, त्या काळात. मित्रमंडळींत ‘मॅक्स’ म्हणून ओळखल्या जायच्या, शिल्पंही घडवायच्या.

सुरुवात मुलँ रूज या पॅरिसच्या प्रसिद्ध कॅबरेपासून करा. मेट्रो २, ब्लांश स्टेशन. ३ जानेवारी १९०७ ला इथे एक मूकनाट्य झालं. मिसी इजिप्तचे अभ्यासक, कोलेत ममी. नाव उलटं करून त्या ‘यिस्सिम’ म्हणून रंगमंचावर उतरल्या, पण जाहिरातीवर मोर्नी घराण्याचं चिन्ह छापलेलं! दोघींनी चुंबन घेतलं आणि उच्चकुलीन प्रेक्षकांनी धिंगाणा घातला. पोलीस प्रमुख लेपीन यांनी बंदीची तंबी दिल्यावर पुढचे प्रयोग मिसींच्या जागी पुरुष नटाला घेऊन, नाव बदलून करावे लागले. एका बाईने पुरुषाचे कपडे घालून प्रेम दाखवलं, एवढाच तो गुन्हा. मूळ इमारत १९१५ च्या आगीत गेली, त्यामुळे महागडं तिकीट फक्त मिसींसाठी काढू नका. बाहेरून पाहिलं तरी चालेल.

त्याच मेट्रोने फिलिप ओग्युस्तला उतरलात की पेर लाशेझ दफनभूमी. प्रवेश मोफत. कोलेतची कबर फाटकाजवळच, चौथ्या विभागात. मिसींचे वडील द्यूक द मोर्नी ५४ व्या विभागात. चढ आहे, खालचे दगड ओबडधोबड, बूट चांगले घाला.

खरी भेट मात्र फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनीत होते. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून सें-मालोला थेट टीजीव्ही (वेगवान रेल्वे) मिळते, नाहीतर रेनला गाडी बदला. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. तिथून कांकालच्या बाजूला सें-कुलों गाव, आणि खाली तूएस नावाचा छोटा किनारा. वर झाडांमध्ये रोझवेन, १९१० मध्ये मिसींच्या पैशाने घेतलेलं घर. वर्षभरात दोघी वेगळ्या झाल्या, घर कोलेतकडे राहिलं. पुढे तिने तिथे भरपूर लिहिलं, आणि मिसींचा शेवट पॅरिसमध्ये हलाखीत झाला. वाळूवर उभं राहून हे आठवलं तेव्हा मला खरोखर राग आला.

घर खाजगी आहे, कुंपणाच्या आत जाऊ नका. किनाऱ्यावरून आणि जीआर ३४ या किनाऱ्यालगतच्या लांब पायवाटेवरून पुरेसं दिसतं. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ नक्की बघा. या पट्ट्यात पाणी बारा-तेरा मीटरपर्यंत चढतं, आणि खडकांच्या कडेने चालणारा माणूस अडकू शकतो. रविवारी बस कमी असतात, परतीची वेळ आधीच लिहून घ्या. शाकाहारी असाल तर गालेत (इथला पातळ डोसा) मागवताना ‘सां जांबों’ म्हणा, म्हणजे हॅम घालणार नाहीत. चीज-अंड्याचा छान लागतो.