बॅटरी बदलायच्या आधी रेग्युलेटर कुठे आहे ते तरी बघा

पावसाळ्यात गोव्यात डिचोलीतल्या कुठल्याही बॅटरीच्या दुकानात जा, कोणीतरी स्कूटरची बॅटरी काखेत मारून उभा असतोच. दुकानदार हात लावतो न लावतो तोच म्हणतो, गेली, नवीन घाला. गेली असेलही हो, पण का गेली ते कोण विचारणार? रेग्युलेटरने, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या डब्याने मारली असेल तर तो नवीनलाही मारणारच.

बाईकमध्ये इंजिनमधल्या वीज बनवणाऱ्या कॉईलमधून येणाऱ्या एसीचं डीसी करणं आणि व्होल्टेज साधारण साडेचौदाच्या वर जाऊ न देणं ही दोन्ही कामं एकाच डब्यात असतात, म्हणून त्याला आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट म्हणतात. आता गंमत बघा, कारच्या अल्टरनेटरमध्ये, म्हणजे वीज बनवणाऱ्या यंत्रात, रोटरला (फिरणाऱ्या भागाला) करंट देऊन त्याचं चुंबक बनवतात, त्यामुळे रेग्युलेटर तो करंट कमी केला की वीजच कमी तयार होते, पण बाईकचा मॅग्नेट कायमचा, इंजिन पळालं की तो वीज बनवतच राहणार, मग जास्तीचं करायचं काय? बहुतेक बाईकमध्ये आरआर युनिट कॉईल क्षणभर शॉर्ट करतं, करंट तिथल्या तिथे फिरतो आणि त्याची उष्णता होते. म्हणून त्या डब्याला अॅल्युमिनियमच्या फिन्स असतात आणि म्हणूनच तो वारा लागेल अशा जागी बसवतात.

शोधायचा कसा तर सोपं आहे, इंजिनच्या मॅग्नेट कव्हरमधून निघालेल्या वायरींच्या मागे मागे जा. होंडात बऱ्याचदा तीन पिवळ्या कॉईलच्या, लाल बॅटरीची, हिरवी अर्थची. स्कूटरला बऱ्याचदा पुढच्या पॅनलच्या आत, बाईकला टाकीखाली, साइड कव्हरमागे किंवा फ्रेमच्या पुढच्या पाइपवर. कारमध्ये वेगळा शोधू नका, अल्टरनेटरच्या पाठीमागे प्लॅस्टिकच्या झाकणाखाली ब्रशसकट बसलेला असतो. डायनॅमोवाल्या जुन्या गाड्यांत मात्र बॉनेटखाली रेग्युलेटर आणि कट-आउटचा (डायनॅमो थांबला की बॅटरीपासून तोडणारा स्विच) वेगळा डबा दिसेल.

माझा आतेभाऊ समुद्राकाठी मोरजीला राहतो, त्याचा फोन, 'दादा, हेडलाइटचे बल्ब टिकतच नाहीत रे, हायवेला जरा रेस दिली की उडतो.' त्याची बाईक जुनी, २०१७ मध्ये हेडलाइट कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं त्याच्या आधीची, आणि तिचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट कॉईलवर. अशा गाडीत बल्ब सारखे उडतात म्हणजे व्होल्टेज आवरलं जात नाहीये. टाकी काढली, आरआर युनिट वरून ठणठणीत, पण हिरव्या वायरीची रिंग जिथे फ्रेमला स्क्रूने आवळलेली तिथे खाऱ्या हवेने पार हिरवट भुकटी जमलेली, स्क्रूचं डोकं हातात आलं. जास्तीचा करंट जाणार त्या अर्थमधून, आणि तीच वाट बंद! पॉलिश पेपरने फ्रेम घासली, नवीन रिंग, नवीन स्क्रू, वरून थोडं ग्रीस. रेग्युलेटर जुनाच राहिला.

मल्टिमीटर स्वस्तातला घेतला तरी चालतो, २० व्होल्ट डीसीवर लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, चालू करून रेस दिली की १३.५ ते १४.५ हवेत. बारावरच रेंगाळत असेल तर चार्जिंग नाही, मग लगेच रेग्युलेटरला शिव्या देऊ नका, आधी कनेक्टर उघडून पिना जळाल्यात का बघा, मग इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर करून पिवळ्या वायरींच्या जोड्यांत व्होल्टेज मोजा, तिन्ही रीडिंग जवळपास सारखी आली तर कॉईल बहुधा ठीक. १५ च्या वर जात असेल तर बॅटरी उकळतेय, सीलबंद असेल तर पोट फुगतं. नव्या कारमध्ये ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) स्वतःच व्होल्टेज खालीवर करतो, तिथे एका रीडिंगवर निकाल देऊ नये.

आणि ते चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून 'चार्जिंग येतंय का' बघणं, ते बंद करा राव. अल्टरनेटरमधून एकदम व्होल्टेज उसळतं, एसीचं डीसी करणारे डायोड जातात, कधी ईसीयूसुद्धा. गॅरेजवाला करायला लागला तर हात धरा त्याचा.

नवीन आरआर घेताना नुसता कनेक्टर बसतो म्हणून घेऊ नका, सिंगल फेजचा थ्री फेजला (तीन पिवळ्या वायरींच्या कॉईलला) चालत नाही. जुना सोबत न्या.