बेसमेंट लागलं जी!

सकाळी देवलापारच्या बाजूला ड्रिलिंगच्या साइटवर पोचलो, तेव्हा ड्रिलर रॉड वर काढायच्या तयारीत होता. "सर, बेसमेंट लागलं जी. 118 मीटरला गोटा बदलला. बंद करू ना?"

त्याचं चूक नव्हतं. मँगनीजच्या शोधातलं बोअर तिरोडी नाइसमध्ये (नाइस म्हणजे पट्टेदार, कणखर खडक) शिरलं की साधारणपणे थांबवतात. सातपुड्याच्या या दक्षिण अंगाला पायाचा खडक, म्हणजे बेसमेंट, हाच तिरोडी नाइस, आणि मँगनीज त्याच्यावर साचलेल्या थरांच्या मालिकेत, सौसर गटात. पायात खनिज शोधायचं कशाला? मीटरमागे पैसे मोजावे लागतात.

कोअरचे, म्हणजे बोअरमधून निघालेल्या खडकाच्या दंडगोल तुकड्यांचे, बॉक्स ओळीनं लावून घेतले. पहिली तपासणी रेघांची. वरचं टोक वर धरलं की लाल रेघ उजवीकडे आणि निळी डावीकडे, अशी आमची पद्धत. हेल्परनं एखादा तुकडा उलटा ठेवला तर रेघांची बाजू बदलते आणि लगेच कळतं. त्या दिवशी दोन तुकडे उलटे निघाले. दोन्ही संगमरवरातले असल्यामुळे फारसं बिघडलं नाही.

सौसर गटातल्या थरांचा क्रम वरून खाली असा होता: मानसर फॉर्मेशनचा करडा अभ्रकी शिस्ट (पापुद्र्यांचा खडक), मग लोहांगीचा गुलाबी संगमरवर, मग सीतासावंगीचा क्वार्टझ-मायका शिस्ट, आणि 118.40 मीटरपासून नाइस. संगमरवरावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तो थंडच फसफसला. म्हणजे कॅल्साइट. सौसरमधल्याच दुसऱ्या थराचा, बिचुआचा, डोलोमाइट असता, तर चाकूनं खरवडून पूड केल्याशिवाय नीट फसफसला नसता. दोघांची गल्लत केली तर मँगनीजचा थरच चुकीच्या ठिकाणी शोधला जातो. एकूण क्रम पुस्तकात असतो तसाच, तरुणाखाली म्हातारा.

अडचण कोअरमध्ये नव्हती, नकाशात होती. बोअरच्या पुढेच नाइसची अरुंद पट्टी जमिनीवर उघडी पडते, रुंदी 45 मीटर. तिच्या दोन्ही बाजूंना सीतासावंगीचे क्वार्टझाइट आहेत आणि दोन्हीकडचे थर एकाच दिशेला 50 अंशांनी कललेले. नाइस हा थरांना पडलेल्या सरळ उभ्या घडीचा गाभा असता, तर दोन्ही बाजूंचे थर परस्परविरुद्ध दिशांना कलले असते. एकाच दिशेला कललेत म्हणजे घडी आडवी झोपली आहे आणि तिची खालची बाजू उलटी आहे. तसं असेल तर या पायाखाली पुन्हा सौसरच असणार.

ही शंका काही नवी नाही. भूशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी नागपूर जिल्ह्यातल्या या आडव्या पडलेल्या घड्यांवर 1936 मध्येच लिहिलं होतं. 'देवलापार नॅप' (नॅप म्हणजे आडवी पडून दूर सरकलेली घडी) हे नाव भूशास्त्राच्या वर्गात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण लॉगशीटमध्ये, म्हणजे बोअरच्या नोंदींच्या कागदावर, 'बेसमेंट' हा शब्द एकदा पडला की हात आपोआप थांबतो.

गणित सोपं होतं. सपाट जमिनीवर 45 मीटर रुंदी आणि 50 अंश कल, म्हणून खरी जाडी 45 गुणिले 0.766, म्हणजे सुमारे 34 मीटर. बोअर आडव्या पातळीपासून 50 अंश तिरपं आणि कलाच्या उलट दिशेनं होतं, त्यामुळे ते पट्ट्यांना जवळजवळ काटकोनात छेदत होतं. कोअरच्या अक्षाशी पट्ट्यांचा कोन मोजला, 78 ते 82 अंश. म्हणजे 153 मीटरच्या आसपास खडक बदलायला हवा. आणखी 40 मीटर मारायची परवानगी फोनवर मागितली. मिळाली, कुरकुरत.

"काऊन, सर? बेसमेंटच्या खाली का रायते?" ड्रिलरनं विचारलं.

नाइस कणखर, 3 मीटरचे रन (एका खेपेत कापलेली लांबी) सुरळीत निघाले. काळ्या अभ्रकाच्या आणि फेल्डस्पारच्या पट्ट्या, मधूनच गुलाबी शिरा. 148 नंतर दाणे बारीक होऊ लागले. क्वार्टझच्या ताणलेल्या फिती आणि डोळ्यासारखे उरलेले फेल्डस्पार, म्हणजे खडक घासला, रगडला गेला होता. इथेच घात होतो. अशा पट्ट्यातला मऊ अभ्रक पाण्याच्या दाबानं धुऊन जातो आणि नेमका पुरावा बोअरमधून परत येणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून रन 1.5 मीटरवर आणला, पाणी आणि रॉडचे फेरे दोन्ही कमी केले. तरीही एका रनची रिकव्हरी, म्हणजे हाती आलेला कोअर, 70 टक्क्यांवरच अडली.

151.60 ला सीतासावंगीचा शिस्ट आला. त्याच्याखाली संगमरवर. आम्ल टाकलं, फसफसला. लोहांगीच. वरचाच क्रम, आता उलटा.

हा नाइस किती जुना, हे ड्रिलरला सांगितलं, तेव्हा त्यानं कोअरचा तुकडा परत हातात घेतला. तिरोडी नाइसमधल्या झिरकॉन या खनिजाची वयं 160 कोटी वर्षांच्या आसपास मिळाली आहेत, आणि सौसरबरोबर तो पुन्हा भाजून, चेपून निघाला तो सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वी. नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा पत्थर साधारण 6.6 कोटींचा, म्हणजे या नाइससमोर पोरच.

लोहांगी-मानसरच्या सीमेवर 30 सेंटिमीटर गोंडाइट मिळाला. स्पेसारटाइन गार्नेट आणि क्वार्टझचा हा तपकिरी खडक. गोंडांवरून त्याला नाव दिलं भूशास्त्रज्ञ फरमर यांनी. धातुक, म्हणजे खणून काढण्याजोगं खनिज, म्हणावं असं काही नव्हतं, पण मँगनीजची पातळी पायाखालीही आहे, हे ठरलं. बोअर मानसरच्या शिस्टमध्येच बंद केलं.

लॉगशीटवर 118.40 पुढे लिहिलेलं 'बेसमेंट' खोडून 'नाइस, घडीचा गाभा' असं लिहिलं. रगडलेल्या पट्ट्यातले तीन बॉक्स वेगळे बांधून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पातळ छेद करायला नागपूरला पाठवले.