वेडी बाभूळ काढताना ढीग नाही, खड्डे मोजा

सोलापूरकडच्या माळावर वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरून येऊन पसरलेलं काटेरी झाड, काढायची मोहीम आखताना पहिली चूक होते ती तारखेची. 'थंडीत करू' म्हणून जानेवारी धरली जाते. तोवर मुरूम इतका घट्ट होतो की टिकाव उसळी मारतो. दमलेली माणसं मग बुंधा जमिनीलगत तोडून मोकळी होतात. त्याला काही आठवड्यांत धुमारे फुटतात, एका खोडाची पाच-सात होतात आणि पुढच्या वर्षी तेच काम जास्त काटे सोसून करावं लागतं.

खणायचे दिवस म्हणजे हस्त नक्षत्राचा (सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरातला) पाऊस पडून गेल्यानंतरचे. नेमकी तेव्हाच ज्वारीची पेरणी असते, मजूर मिळत नाहीत. पण माळाचा उथळ मुरूम काळ्या रानाच्या आधी वापशावर येतो, म्हणजे खणण्याजोगा सुकतो. रानात पाय रुतत असतो त्या दोन-तीन दिवसांत माळावर खणता येतं. तेव्हा मजुरांशी बोली सप्टेंबरातच करून ठेवावी, तारीख मात्र पावसावर सोडावी. त्याच्या आधी भर पावसाळ्यात टोळी घेऊन माळात शिरू नये. टिटवीसारखे कित्येक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत तर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय गवताची काडीही हलवायची नाही. अर्जात गट किंवा कक्ष क्रमांक, दिवस, माणसं आणि लाकडाचं काय करणार हे स्पष्ट लिहावं. वाहतूक परवाना नसेल तर लाकूड जागेवरच राहतं आणि त्यावरून गावात भांडणं होतात.

कामाच्या आदल्या दिवशी जाणत्या माणसाला घेऊन फिरावं आणि काढायच्या प्रत्येक झाडाला चुन्याची खूण करावी. उलटं करू नये, म्हणजे राखायच्या झाडांना खूण नको. खूण राहून गेली तर निदान झाड वाचतं. देशी बाभळीची फुलं पिवळी, गोल गोंड्यासारखी आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी. वेडीच्या फुलांची लांब लोंबी असते, शेंग सरळ, फुगीर, पिकल्यावर पिवळट. शमीलाही लोंबीच असते, त्यामुळे गोंधळ होतो तो तिथे. हिवर, बोर, हेंकळ, तरवड या देशी झाडाझुडपांना हात लावायचा नाही. झुडपाखाली ताजी बिळं किंवा लांडग्याची गुहा दिसली तर तेवढा भाग सोडून द्यावा. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) बहुतेक ठिकाणी लावलेलं असतं, ते आपल्या मनाने तोडू नये.

दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा. दोरी लावून असे तुकडे पाडले की हिशेब सोपा होतो. पाच जणांची टोळी पुरते: दोघं कोयता आणि आकडी घेऊन फांद्या उतरवणारे, दोघं टिकाव-पहार घेऊन खणणारे, एक ओढणारा आणि वही सांभाळणारा. दोन टोळ्यांत दहा मीटर अंतर हवंच. बुंध्याभोवती खणून जमिनीखाली वीतभर ते फूटभर जावं. धुमारे फुटणारा भाग तिथवरच असतो, त्याच्या खाली मूळ तोडून सगळा बुडखा वर काढायचा. मातीत चालवलेली कुऱ्हाड तासाभरात बोथट होते. म्हणून मुळांसाठी वेगळी, जुनी कुऱ्हाड ठेवावी आणि कानस बरोबर घ्यावी. बुडख्यावर जळकं ऑइल ओतायची पद्धत आहे, पण बुडखाच निघाला तर तेल कशाला? जेसीबी काम झटपट करतो खरा, पण गवताची मुळं आणि वरची चार बोटं मातीही खरवडून नेतो. त्या उघड्या मुरमावर पहिल्या पावसात गाजरगवत उगवतं.

काटा चप्पल आणि मोटारसायकलचा टायर दोन्हीतून आरपार जातो. जाड तळाचे बूट, चामडी हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच. पाणी माणशी चार लिटर. सकाळी सात ते अकरा, बस. डबा म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. उन्हात खराब होत नाही, हे आपल्याकडचं सुखच.

काम संपल्यावर फोटोसाठी फांद्यांचा ढीग रचतात, तो काही सांगत नाही. वहीत सकाळचे खुणेचे बुंधे आणि काम संपल्यावरचे खड्डे यांचा मेळ बसायला हवा. चाळीस खुणा, तेहतीस खड्डे असतील तर सात झाडं वरून कापली आहेत. ती शोधून दुसऱ्या दिवशी आधी तीच घ्यावी. मोजल्यावर खड्डे बुजवून तुडवावेत आणि वर पवन्या किंवा मारवेलचं बी असलेलं वाळकं गवत पसरावं. शेंगा पोत्यात भराव्यात. शेळ्या शेंगा आवडीने खातात, बी लेंडीतून शाबूत बाहेर पडतं आणि त्याच माळावर पुन्हा रुजतं.

मजुरीचा निम्मा पैसा पुढच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवावा. जुलैत, पहिल्या चांगल्या पावसानंतर साधारण तीन आठवड्यांनी, बोटभर रोपं हाताने उपटून येतात. त्या फेरीला दोन-तीनच माणसं न्यावीत, पायवाटेच्या कडेने आणि घरटी टाळून. वाटेवरचं गाजरगवत फुलायच्या आत त्याच फेरीत उपटावं, हातमोजे घालूनच, कारण त्याने अंगाला खाज सुटते. सुटलेल्या बुडख्यांचे धुमारे ऑक्टोबरात खणायचे. असं किमान तीन वर्षं, आणि तीच वही घेऊन, कारण गुंठ्यांचे आकडे त्यातच असतात.